जुने फ्रेंच मूकपट वाचनालयात दाखवायचेत? आधी स्पीड, कॉपी आणि बोलणारा माणूस ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावातलं वाचनालय आहे, हॉलमध्ये साठसत्तर माणसं बसतात, तासाभराचा कार्यक्रम करायचाय, विषय सुरुवातीचे फ्रेंच मूकपट. यूट्यूबवरून दहाबारा फिल्म उतरवून कमिटीला दाखवल्या तर दहा मिनिटांत सगळ्यांनी मोबाईल बाहेर काढले, माणसं भरभर पळताना दिसत होती आणि काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं. आता तुम्ही विचारताय की ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवू, जादूगार मेलिएसच्या दाखवू, का हे सगळं सोडून सरळ चॅप्लिन लावू.

चॅप्लिन वेगळ्या दिवशी लावा, तो कुठेही चालतो. पण हा कार्यक्रम सोडू नका. मी बरीच वर्षं फिल्म सोसायटीत स्क्रीनिंगचं काम बघते, अप्रिसिएशनचे वर्गही घेते, आणि हेच सिनेमे एका हॉलमध्ये पूर्ण पडलेले आणि दुसऱ्या हॉलमध्ये लोकांनी 'परत लावा, परत लावा' म्हणून डोक्यावर घेतलेले बघितलेत. फिल्म त्याच होत्या. फरक होता तो कॉपी कुठली, स्पीड किती आणि पडद्याशेजारी उभं राहून कुणी बोलत होतं की नाही यात. १८९५ ते १९०८ या काळात फ्रान्समध्ये जे बनलं ते एकट्याने, शांतपणे, लॅपटॉपवर बघायला बनलेलंच नाही. ती फिल्म दाखवणाऱ्या माणसाच्या हातातला कच्चा माल होती. तो दुकानदारासारखी ती मीटरवर विकत घ्यायचा, क्रम स्वतः लावायचा, हँडल स्वतः फिरवायचा, स्वतः बोलायचा किंवा बोलणारा माणूस ठेवायचा. तो माणूस काढून टाकला की उरतं ते अर्धंच. म्हणून नावांच्या आधी या तीन गोष्टींबद्दल लिहिते.

आधी स्पीड, कारण तुमच्या कमिटीने मोबाईल काढले ते बहुतेक यामुळेच. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, हँडलच्या एका फेरीत आठ फ्रेम आणि सेकंदाला साधारण दोन फेऱ्या, म्हणजे सेकंदाला सोळा फ्रेम (फ्रेम म्हणजे पट्टीवरचं एकेक चित्र). पुढे बोलपट आल्यावर चोवीस हा आकडा पक्का झाला आणि जुन्या फिल्म त्याच मशीनवर चालवल्या गेल्या, मग सगळं दीडपट वेगाने पळायला लागलं, आणि आपल्या डोक्यात बसलं की मूकपटात माणसं अशीच तुरुतुरु चालतात. इंटरनेटवरच्या बऱ्याच कॉप्या अशाच दीडपट वेगाच्या आहेत.

ओळखायचं कसं? एक हिशेब पाठ करून ठेवा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण ५२ फ्रेम बसतात. ल्युमिएरची रीळं १७ मीटरच्या आसपास असायची, म्हणजे नऊशेच्या जवळपास फ्रेम, सोळाने भागलं की पन्नास-पंचावन्न सेकंद. तुमच्याकडची फाईल पस्तीस-सदतीस सेकंदांत संपत असेल तर ती पळवलेली आहे (किंवा अर्धवट कापलेली, तेही बघा). मेलिएसचा 'अ ट्रिप टू द मून' साधारण २६० मीटरचा, म्हणजे सोळाच्या हिशेबाने चौदा मिनिटांच्या आसपास. साडेनऊ मिनिटांची कॉपी मिळाली तर काय झालंय ते आता तुम्हाला कळेल.

पण हा हिशेब डोळे मिटून लावायचा नाही, कारण हात शेवटी माणसाचा, कुणी चौदाने फिरवायचा कुणी अठराने, आणि काही चांगल्या रिस्टोरेशनमध्ये, म्हणजे जुनी प्रिंट दुरुस्त करून काढलेल्या कॉपीत, स्पीड आधीच दुरुस्त केलेला असतो, त्याला अजून हळू केलं तर माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसतात. मी काय करते, तर माणसांकडे बघतच नाही, पडणाऱ्या गोष्टींकडे बघते. नळीतून उडणारं पाणी, कोसळलेल्या भिंतीची धूळ, वाऱ्याने हलणारी पानं. माणूस मुद्दाम घाईने चालत असेल पण पाणी कधी मुद्दाम घाईने पडत नाही. ते नैसर्गिक दिसेपर्यंत स्पीड कमी करत जायचं. व्हीएलसी प्लेअरमध्ये प्लेबॅक स्पीड ०.६७ केलात की चोवीसचं सोळा होतं, तिथून थोडं वरखाली करा. प्रत्येक फिल्मचा आकडा कागदावर लिहून ठेवा, कार्यक्रमाच्या दिवशी शोधत बसू नका.

आता कॉपी. दोन गोष्टी टाळा. एक म्हणजे वरून-खालून कापून आजच्या रुंद पडद्यात बसवलेली कॉपी. या फिल्मची चौकट जवळपास चौकोनी, चारास तीन अशी असते, आणि मेलिएसच्या सेटमध्ये वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत काहीतरी घडत असतं, ते कापलं की ट्रिकच दिसत नाही. बाजूला काळे पट्टे आले तर येऊ देत. दुसरी म्हणजे ती '४के, ६० फ्रेम, रंगीत' वाली व्हर्जन्स, जी फॉरवर्ड होत असतात. त्यात मधल्या फ्रेम कॉम्प्युटरने रचलेल्या असतात, रंगही अंदाजाने भरलेले. गंमत म्हणून बघायला हरकत नाही, पण 'हे १८९६ चं आहे' असं सांगून दाखवू नका, कारण त्यातल्या कित्येक फ्रेम कुठल्याही कॅमेऱ्याने कधी टिपलेल्याच नाहीत.

मात्र जुना रंग वेगळा, तो जरूर दाखवा. लोकांना वाटतं मूकपट म्हणजे काळेपांढरेच, तसं नाही. मेलिएसच्या अनेक प्रिंट हाताने रंगवून विकल्या जायच्या. पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुलिए नावाच्या बाईंचा रंगवण्याचा कारखाना होता, दोनशेच्या वर बायका तिथे काम करायच्या, एकेकीकडे एकेक रंग, नखाएवढ्या फ्रेमवर बारीक ब्रशने एक रंग भरायचा आणि पट्टी पुढच्या बाईकडे द्यायची. 'अ ट्रिप टू द मून'ची अशी एक रंगीत प्रिंट १९९३ साली बार्सिलोनाच्या फिल्म अर्काइव्हकडे सापडली, तेव्हाची नायट्रेटची फिल्म चिकटून घट्ट गोळा झालेला, तो वर्षानुवर्षं सोडवून, तुकडे स्कॅन करून २०११ साली कान महोत्सवात दाखवला गेला. ती रंगीत आवृत्ती मिळाली तर तीच लावा. फक्त त्या रिस्टोरेशनला दिलेलं संगीत नवं आहे, त्याचे हक्क आहेत. आपल्याकडच्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांचा, त्यामुळे मूळ फिल्म मोकळ्या आहेत, पण नवीन संगीत आणि नवं काम मोकळं आहे असं धरून चालू नका. सार्वजनिक कार्यक्रम असेल तर आवाज बंद करून आपलं संगीत ठेवणं हाच सोपा मार्ग.

तिसरी गोष्ट बोलणारा माणूस, आणि तो तुम्ही स्वतः व्हायचंय. मेलिएसच्या फिल्मबरोबर तेव्हा वाचायचा मजकूरही असायचा. खगोलशास्त्रज्ञांची सभा भरली, अध्यक्ष फळ्यावर आकृती काढतोय, एकजण विरोध करतोय त्याच्या अंगावर कागद फेकले, असं सगळं फिल्म चालू असताना माणूस सांगायचा. मजकूर सांगणाऱ्या पाट्या पडद्यावर जवळपास नसतातच या काळात, म्हणून न सांगता बघितलं तर 'काय चाललंय' असं वाटणारच. तुमच्या कमिटीचा काही दोष नाही त्यात. मराठीत, छोट्या वाक्यांत, दृश्याच्या एक पाऊल पुढे राहून बोला, मागून नको. आणि जिथे ट्रिक आहे तिथे गप्प बसा, हे फार महत्त्वाचं. कुणी हार्मोनियम वाजवणारे ओळखीचे असतील तर त्यांना बोलवा, पण त्यांनी फिल्म आधी दोनतीनदा बघितलेली पाहिजे, नाहीतर ते त्यांच्या रागात आणि फिल्म तिच्या वाटेने जाते.

हे झालं की मग ल्युमिएर का मेलिएस हा प्रश्न येतो. दोन्ही, पण 'ल्युमिएर म्हणजे वास्तव आणि मेलिएस म्हणजे कल्पना' असं दोन खणांत टाकून दाखवू नका. पुस्तकांत ते वर्षानुवर्षं छापलं जातं आणि फिल्म नीट बघितल्या की टिकत नाही. मी क्रम लावते तो असा की प्रत्येक फिल्म एखादी अडचण सोडवताना दिसावी. मग आठवीतल्या मुलापासून निवृत्त माणसापर्यंत सगळे तोच खेळ खेळायला लागतात, की याने हे केलं कसं.

पहिली लावा कारखान्यातून कामगार बाहेर पडतायत ती. लुई आणि ओग्युस्त ल्युमिएर, वडील आंत्वान, ल्यों शहरात फोटोग्राफीच्या काचांचा त्यांचा कारखाना. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी सिनेमॅटोग्राफचं पेटंट घेतलं, एकाच छोट्या लाकडी पेटीत कॅमेरा, प्रिंट काढायचं यंत्र आणि प्रोजेक्टर तिन्ही, म्हणजे माणूस सकाळी शूट करून, धुऊन, संध्याकाळी त्याच गावात दाखवू शकतो. आता अडचण अशी की रीळ पन्नास सेकंदांचं आणि कॅमेरा जागचा हलत नाही, तर सुरुवात आणि शेवट आणायचा कुठून? फाटक उघडतं, माणसं बाहेर येतात, गर्दी संपते. या फिल्मच्या तीन आवृत्त्या आहेत, एकीत एक घोडा, एकीत दोन, एकीत घोडाच नाही, सावल्या आणि कपडे बघितले की वेगवेगळ्या दिवशी शूट केलंय ते कळतं. आणि घोडा नसलेल्या आवृत्तीत शेवटी फाटक बंद व्हायला लागतं. म्हणजे ज्याला आपण 'सहज टिपलेलं वास्तव' म्हणतो ते परत परत करून, वेळ जुळवून बसवलेलं आहे. शक्य असेल तर दोन आवृत्त्या पाठोपाठ दाखवा, प्रेक्षक जो जागा होतो तो इथेच.

मग माळी आणि नळीवाला. पोरगा नळीवर पाय देतो, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो, माळी भिजतो. हशा हमखास. पण हशा संपल्यावर परत लावा आणि सांगा की आता पोरगा पळाल्यावर काय होतं ते बघा. तो पळतो चौकटीच्या कडेला, माळी त्याला पकडतो आणि ओढत परत मध्ये आणून मग मारतो. तिथेच का नाही मारलं? कारण कॅमेरा वळत नाही. प्रेक्षकाला दिसलं पाहिजे म्हणून गुन्हेगाराला पडद्याच्या मध्यभागी आणायचं, ही १८९५ साली कुणालातरी सुचलेली गोष्ट आहे. मला अजूनही ही फिल्म लावताना मजा येते.

त्यानंतर भिंत पाडणारी फिल्म, १८९६ ची, सरळ दाखवून झाली की उलटी चालवायची, धुळीतून भिंत उठून उभी राहते. प्रोजेक्शन करणाऱ्यांनी तेव्हा असंच केलं. एक फाईल उलटी करून ठेवा, कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये होतं. आणि एक फिल्म प्रोमिओची. आलेक्सांद्र प्रोमिओ हा ल्युमिएरच्या देशोदेशी पाठवलेल्या ऑपरेटरांपैकी एक, त्याने १८९६ साली व्हेनिसमध्ये कॅमेरा नावेत ठेवला. कॅमेरा हलत नाही ना, मग नाव हलू दे. कालव्याच्या दोन्ही काठांवरचे वाडे सरकत जातात आणि हॉलमध्ये एकदम शांतता होते, कारण इतका वेळ सगळे स्थिर चौकटीला सरावलेले असतात.

आगगाडीची लावायची का? लावा, लोक तिची वाट बघत असतात. पण 'गाडी अंगावर येते म्हणून लोक किंचाळत पळाले' ही गोष्ट सांगू नका, त्या काळच्या कागदपत्रांत त्याला आधार सापडत नाही. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्राँ काफेच्या तळघरात, एक फ्रँक तिकीट लावून, दहा फिल्मचा जो कार्यक्रम झाला त्यात ही गाडी नव्हतीच. पैसे देऊन आले ते तेहेतीस प्रेक्षक. सांगायचंच असेल तर कॅमेरा कुठे ठेवलाय ते सांगा. समोर नाही, बाजूलाही नाही, फलाटावर तिरका, त्यामुळे गाडी ठिपक्यापासून मोठी होत जाते आणि नंतर फलाटावरची माणसं कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जातात, लांबचं आणि जवळचं दोन्ही स्पष्ट. हे एका फोटोग्राफरचं डोकं आहे.

इथे तुमच्या प्रेक्षकांना एक गोष्ट जरूर सांगा. ल्युमिएरचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत उतरला आणि ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलमध्ये, रुपया तिकिटात, सहा फिल्म दाखवल्या. काळा घोड्याजवळची ती इमारत आजही उभी आहे. त्या सहांत कारखान्याची फिल्म होती, भिंत पाडायची होती, गाडीचीही होती. म्हणजे तुम्ही जे लावताय ते मुंबईकरांनी पॅरिसनंतर सहासात महिन्यांत बघितलेलं आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत असेच खेळ बघून कॅमेरा मागवते झाले आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनी शूट केली. हा धागा खरा आहे, ओढूनताणून आणलेला नाही, म्हणून सांगायचा.

ल्युमिएरचं पाचसहा मिनिटांत संपतं. मग मेलिएस. जॉर्ज मेलिएसच्या वडिलांचा बुटांचा धंदा, मुलाने १८८८ साली पॅरिसचं रोबेर-हूदाँ हे जादूचं थिएटर विकत घेतलं. ग्राँ काफेच्या त्या खेळाला तो हजर होता, मशीन विकत मागितलं, आंत्वान ल्युमिएरने नाही म्हटलं, मग लंडनच्या रॉबर्ट पॉलकडून प्रोजेक्टर आणून त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनवला. १८९७ साली पॅरिसजवळ मोंत्रॉयला काचेचा स्टुडिओ बांधला, कारण उजेड सूर्याचाच. सेट सगळे करड्या छटांत रंगवायचे, माणसांचे कपडेसुद्धा, कारण तेव्हाच्या फिल्मला लाल रंग काळा दिसायचा आणि निळा पांढरा, त्यामुळे रंगीत सेट लावला तर पडद्यावर काय उतरेल याचा भरवसा नाही.

त्याच्या तीन छोट्या फिल्म मी क्रमाने लावते. १८९६ ची बाई गायब करण्याची, १८९८ ची चार डोक्यांची आणि १९०१ ची रबरी डोक्याची. पहिलीत बाई खुर्चीवर बसते, वर कापड, कापड काढलं की बाई नाही, मग सांगाडा, मग परत बाई. थिएटरमध्ये याला खालून दार लागायचं, इथे कॅमेरा थांबवला, बाई उठून गेली, परत चालू केला. मेलिएस स्वतः सांगायचा की रस्त्यावर शूट करताना कॅमेरा अडकला आणि पडद्यावर बसची एकदम शववाहिनी झाली, तिथून हे सुचलं. असेल किंवा नसेल, पण उरलेल्या प्रिंट बारकाईने तपासल्यावर कळलं की कॅमेरा नुसता थांबवून भागत नसे, नंतर फिल्म कापून, नको त्या फ्रेम काढून, नेमकी जोडलेली असायची. म्हणजे हा माणूस 'नाटक शूट करणारा' नव्हता, तो एडिटिंग करत होता, फक्त कट दिसू नये म्हणून. कट लपवण्यासाठी कट. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते फिल्म फ्रेम-फ्रेमने पुढे नेऊन जोड शोधायला लागतात.

रबरी डोकं मात्र फोडून सांगण्यासारखं आहे. टेबलावर मेलिएसचंच डोकं, दुसरा मेलिएस भात्याने हवा भरतो, डोकं फुगत फुगत प्रचंड होतं. कॅमेरा जवळ नेलेला नाही. मेलिएस काळ्या पडद्यापुढे छोट्या गाडीवर बसलाय, फक्त डोकं दिसेल असा, आणि गाडी तिरप्या रुळावरून कॅमेऱ्याकडे ओढली जाते, म्हणजे डोकं मोठं होताना मान टेबलाच्या पातळीलाच राहते. मग तीच फिल्म मागे गुंडाळून दुसऱ्यांदा शूट. आधी फिल्म दाखवा, लोकांना अंदाज करू द्या, मग सांगा आणि परत दाखवा.

'अ ट्रिप टू द मून', १९०२, हा तुमच्या कार्यक्रमाचा मोठा घास, चौदा मिनिटं, इथे तुमचं बोलणं चांगलं तयार पाहिजे. एका जागी प्रेक्षक हमखास अडतात. रॉकेट चंद्राच्या डोळ्यात घुसतं, आणि पुढच्याच दृश्यात तेच रॉकेट परत चंद्रावर उतरतं. 'हे तर आत्ताच झालं' असं कुणीतरी म्हणणारच. आज आपण असं कापणार नाही, पण तेव्हा एकच घटना आधी लांबून आणि मग आतून, दोन पूर्ण चित्रांत दाखवणं प्रेक्षकाला खटकत नसे. याला कच्चेपणा म्हणू नका. अशा ठिकाणी 'अजून शिकायचे होते बिचारे' हा सूर लागला की सगळा कार्यक्रम बालवाडीचा होऊन बसतो, आणि प्रेक्षकही मग दयेनेच बघतात.

आता ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. ॲलिस गी. या कार्यक्रमातून एखादं नाव काढायची वेळ आली तर मी मेलिएसची एखादी फिल्म काढेन पण हिला काढणार नाही. १८९४ साली ती पुढे लिऑन गोमाँची झालेल्या फोटोग्राफी कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली, १८९५ च्या मार्चमध्ये ल्युमिएरनी निवडक लोकांना दाखवलेलं प्रात्यक्षिक तिने बघितलं, आणि लवकरच स्वतः फिल्म बनवायला लागली. कोबीतून बाळं काढणाऱ्या परीची तिची फिल्म १८९६ ची का १९०० ची यावर अभ्यासकांत वाद आहे, आज जी बघायला मिळते ती बहुतेक नंतरची, म्हणून 'जगातली पहिली कथा-फिल्म' वगैरे छातीठोक सांगू नका. सांगायची गरजच नाही, कारण जे निर्विवाद आहे तेच प्रचंड आहे. १९०७ पर्यंत गोमाँची सगळी कथा-निर्मिती तिच्या देखरेखीखाली चालली, दिग्दर्शक, सेटवाले, सगळे तिने उभे केले. पुढे नाव झालेला दिग्दर्शक लुई फुयाद तिच्याच हाताखाली आला. आवाजावर फिल्म तिने बनवल्या, शंभरावर, गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि गायकाने त्यावर ओठ हलवत शूट करायचं, आपल्या प्लेबॅकची हीच पद्धत. १९०६ ला ख्रिस्ताच्या जीवनावर पंचवीस प्रवेशांची मोठी फिल्म केली. मग अमेरिकेला जाऊन १९१० साली स्वतःची सोलॅक्स कंपनी काढली. आणि इतकं करून नंतर कंपनीच्या इतिहासात तिचं नाव गाळलं गेलं, तिच्या फिल्म दुसऱ्यांच्या नावावर चढल्या, तिने म्हातारपणी स्वतः याद्या करून दुरुस्त्या मागितल्या, १९६८ ला ती वारली तोपर्यंत फारसं काही हाती लागलं नव्हतं. हे सांगताना मला दरवेळी राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

तिची १९०६ ची डोहाळ्यांची फिल्म लावा, चार मिनिटांची. गरोदर बाई नवऱ्याबरोबर फिरायला निघालीय, लहान मुलीचं लॉलीपॉप, कुणाची दारू, गरिबाचा मासा, फेरीवाल्याचा पाईप, दिसेल ते हिसकावून घेते. आणि प्रत्येक हिसकावण्यानंतर साध्या पार्श्वभूमीवर तिचा जवळून शॉट, ती ते चाखतेय, मिटक्या मारतेय. गोष्ट बाजूला ठेवून चेहऱ्यावरचं सुख बघायला लावणारा क्लोजअप, १९०६ साली. आपल्याकडे डोहाळे हा विषय समजावून सांगावा लागत नाही, बायका पहिल्याच मिनिटाला हसायला लागतात. वेळ असेल तर त्याच वर्षीची, बायका सिगारेट ओढत कॅफेत बसल्यात आणि पुरुष शिवणटिपण करतायत ती, सात मिनिटांची. शेवटी पुरुष बंड करून जागा परत घेतात. तिला काय म्हणायचं होतं यावर हॉलमध्ये भांडण लागतं, लागू द्या.

पाथे कंपनीकडे थोडक्यात जा. शार्ल पाथेने धंदा कारखान्यासारखा वाढवला, आणि १९०७ पासून फिल्म विकायच्या ऐवजी भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्यात मीटरवर विकणाऱ्या मेलिएससारख्या एकट्या माणसांचा श्वास कोंडला. पाथेकडच्या दिग्दर्शक फर्दिनाँ झेकाची १९०१ ची गुन्ह्याची गोष्ट घ्या, कैदी कोठडीत झोपलाय आणि भिंतीच्या वरच्या भागात त्याचं जुनं आयुष्य दिसतं. ती डबल एक्स्पोजरची, म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा शूट करायची, ट्रिक वाटते पण नाही, सेटच्या मागे उंचावर दुसरा छोटा सेट आहे आणि माणसं तिथे खरीच काम करतायत. शेवटी गिलोटिन आहे, लहान मुलं असतील तर आधी बघून ठरवा. आणि सेगुंदो द शोमोन, मूळचा स्पेनचा, पाथेसाठी पॅरिसला काम करायचा. त्याची १९०७ ची कसरतपटूंची फिल्म, एक छोटा पोरगा फळीवर सातआठ माणसं तोलतो. सगळे काळ्या जमिनीवर आडवे पडलेत आणि कॅमेरा वरून खाली बघतोय. युरोपियन नटांना जपानी वेश चढवलाय, ते आज खटकतं, दाखवण्याआधी एका वाक्यात सांगून टाका.

शेवट एमिल कोलने करा. १९०८ ची 'फॅन्टास्मागोरी', दोन मिनिटांच्या आत संपते, सातशेच्या आसपास चित्रं, पांढऱ्या कागदावर काळ्या रेषेने काढलेली, प्रत्येक दोन-दोन फ्रेम शूट केलेली, आणि निगेटिव्हच पडद्यावर, म्हणून फळ्यावर खडूने काढल्यासारखी दिसते. बाटलीचं फूल होतं, फुलाचा हत्ती होतो. इथे मात्र अजिबात बोलू नका, फक्त लावा.

सगळं धरून पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास फिल्म होतात, उरलेला वेळ तुमच्या बोलण्याला आणि दोनदा लावण्याला. वेळ कमी पडला तर झेका गाळा.

कार्यक्रम झाल्यावर एकजण विचारेल की मग सिनेमाचा शोध नक्की लावला कुणी. खरं सांगा की एकाने नाही. एमिल रेनो १८९२ पासून पॅरिसच्या ग्रेव्हँ म्युझियममध्ये हाताने रंगवलेल्या पट्ट्या पडद्यावर हलवून दाखवत होता, पुढे सिनेमाने त्याचं पोट मारलं तेव्हा त्याने बहुतेक पट्ट्या सेन नदीत टाकल्या. एडिसनचं भोकातून बघायचं यंत्र अमेरिकेत आधीच चालू होतं. बर्लिनमध्ये स्क्लादानोव्स्की भावांनी ल्युमिएरच्या दोन महिने आधी तिकीट लावून खेळ केला. ल्युमिएरचं यंत्र हलकं होतं, नीट चालायचं आणि ते घेऊन माणसं जगभर गेली, म्हणून तारीख त्यांच्या नावावर राहिली.

आणि एक अगदी साधी गोष्ट, फाईल सगळ्या एकाच लॅपटॉपवर, क्रमाने नंबर टाकून, नेटशिवाय चालतील अशा ठेवा, आणि आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच प्रोजेक्टरवर, दिवे घालवून एकदा पूर्ण चालवून बघा. प्रोजेक्टरच्या मेनूत चित्र ताणून रुंद करायची सेटिंग असते, ती बंद करा. प्रेक्षकांत लहान मुलं जास्त असणार का मोठी माणसं ते इथे कळवलंत तर क्रमात काय बदलायचं ते सांगते.